शब्दाचे पक्के दादा

दादांनी दिलेला शब्द आजवर मोडलेला नाही. दोनशे रुपयांपर्यंतचा तर कधीच नाही. पैजेत हरलेला कोंबडा ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पोचता करतात. उसनं आणलेलं डिझेल इंजिन टाकी भरून परत देतात. बांधाचा तंटा मिटवायला मध्यस्थ म्हणून दादाच लागतात. सिन्नरपासून वाशीमपर्यंत असा एक दादा गावोगाव सापडेल.

वडील गेले तेव्हा तेराव्याच्या पंगती उठल्यावर दादा दोघी बहिणींना म्हणाले, "या रानात जे पिकेल, त्यात तुमचा वाटा. कागदाची घाई कशाला?" डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. रान कोरडवाहू. त्यात एका साली मूग पिकायचा आणि पुढची तीन सालं सोसायटीचं कर्ज. अशा रानाचा वाटा देताना हात आखडायचं कारणच नव्हतं. हक्कसोडपत्राचा विषय निघाला होता, पण नोंदणीला तालुक्याला जायचं म्हणजे सगळ्यांचं भाडं दादांवर. वारस नोंदीत तिघांची नावं लागली आणि तशीच राहिली.

मग समृद्धी महामार्ग आला. 701 किलोमीटर, दहा जिल्हे, आणि त्यात दादांचं एक एकर. थेट खरेदीत मोबदला रेडीरेकनरच्या पाचपट. त्या रात्री दादा झोपले नाहीत. सकाळी सोसायटीच्या ओट्यावर त्यांनी शब्दाचा अर्थ लावून दाखवला. "मी काय म्हणालो? पिकेल त्यात वाटा. हे पिकलंय का? आता रानच गेलं, मग पिकणार कुठून?" ओट्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनाच बहिणी होत्या, आणि निम्म्यांची रानं रस्त्यात जात होती.

पुढे हिशेबाची वही निघाली. बहिणींची लग्नं, बाळंतपणं, आजवरच्या भाऊबिजेच्या साड्या, एका मेहुण्याला दिलेलं घड्याळ. बेरीज अशी आली की बहिणींकडूनच थोडं येणं निघत होतं. आईच्या शेवटच्या आजारपणात धाकटी पाच महिने उशाशी बसली होती. त्याला भाव कोणता लावायचा हे न कळल्याने ती नोंद वहीत नाही.

घोडं अडलं ते तलाठ्याकडे. खरेदीखतावर सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या लागतील, तो म्हणाला. बापाच्या मागे मुलीचाही मुलाइतकाच वाटा, हे हिंदू वारसा कायदा 1956 पासून सांगतो आहे. दादांपर्यंत पोचायला त्याला साठ वर्षं लागली.

तेव्हापासून दादांना बहिणींची फार आठवण येऊ लागली. भाऊबीज चार महिने लांब असताना ते आंब्याच्या दोन पेट्या घेऊन धाकटीच्या दारात उतरले. थोरलीलाही तिथेच बोलावून घेतलं होतं. माहेर, आई, दारातली चिंच असं सगळं बोलून झाल्यावर खिशातून हक्कसोडीचा मसुदा निघाला.

"नुसती रीत आहे, बाई. तेवढी सही करून टाका."

"आणि वाटा?" थोरलीने विचारलं.

"माझा शब्द आहे ना!"

धाकटीने मसुदा शांतपणे शेवटपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला.

"करीन की सही, दादा," ती म्हणाली. "शब्द देते."