समुद्राला तुडूम नाही

भंडारा रोड हे आमचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. त्यामुळे भंडाऱ्याच्या माणसाला कुठं जायचं म्हटलं की आधी स्टेशनाचा प्रवास करावा लागतो आणि तेवढ्यातच त्याची निम्मी हौस फिटते. मामांची तर घरातून निघतानाच फिटली होती. दिवाळीचे दिवस, भारी धान पोटरीतून बाहेर पडून दाणा भरतंय, शेवटचं पाणी द्यायचंय, आणि भाचा म्हणतो समुद्र पाहायला चला.

मामांची धानाची बांधी साकोलीकडे, एका मामा तलावाच्या खाली. या दोन मामांचं नातं नाही. तलावाचे मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’. 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव राहिले, आणि सरकारी कागदाला कधी नव्हे ते घरगुती नाव सुचलं. या तलावांना मातीची पाळ असते आणि पाळीत पाणी सोडायची मोरी. ती मोरी म्हणजे तुडूम. तुडूम कोणी, कधी, किती उघडायचा यावर आमच्याकडे सोयरिकी मोडल्या आहेत.

विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई आणि तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ. मामांनी सोबत खर्र्याच्या पुड्या घेतल्या होत्या, त्या रत्नागिरीला संपल्या. पुढचं कोकण त्यांनी डोळे मिटून पाहिलं.

तारकर्लीला ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंनी विचारलं, “खयसून इलात?”

“भंडारा,” मामा म्हणाले.

“भंडारो? खयच्या देवळात?”

महाप्रसाद कुठं आहे, हे त्या विचारत होत्या. नकाशा काढून दाखवला तेव्हा त्यांनी बोट मालवणवरून सरकवत सरकवत महाराष्ट्राच्या दुसऱ्या काठापर्यंत नेलं आणि ताबडतोब जेवायला वाढलं. जेवणात मात्र परकेपणा राहिला नाही. ते भात खातात, आम्हीही भातच खातो. काकू ‘सुंगटं’ म्हणाल्या तेव्हा मामी दचकल्या, पण ताटात आले ते आपले झिंगे. फक्त आमच्या तलावातल्यांपेक्षा खात्यापित्या घरचे.

पहिल्या संध्याकाळी मामांनी समुद्र पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “पानी लय हाय, बाबू. पन पाळ कोठी हाय?”

नाही म्हटलं.

“सांडवा?”

तोही नाही.

“अन् एक बांधी भिजत नाही याच्यावर,” असं म्हणून त्यांनी समुद्राला नापास केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हलवून उठवलं. चेहरा उतरलेला. किनाऱ्यावर नेऊन काठीनं वाळूवर रेघ दाखवली. काल झोपण्याआधी पाण्याच्या कडेला त्यांनी खूण करून ठेवली होती. सवय. पाणी त्या खुणेपासून चांगलं खाली गेलेलं. आवाज खाली आणून, आजूबाजूच्या टुरिस्टांवरून नजर फिरवत त्यांनी विचारलं, “राती तुडूम कोनं काढलं?”

मी भरती-ओहोटी सांगितली. चंद्र सांगितला. मामांनी ऐकून घेतलं. पण पाणी रात्री कमी होतं आणि त्यात माणसाचा हात नसतो, हे त्यांच्या उभ्या आयुष्याच्या अनुभवाविरुद्ध होतं.

मामी पॅरासेलिंगला गेल्या. लुगड्याचा काष्टा आवळला, दोराला बांधून घेतलं आणि बोट सुटताच पतंगासारख्या वर. खाली उतरल्यावर मी विचारलं, सिंधुदुर्ग किल्ला वरून कसा दिसला? “बांधीत गोटा राहिल्यावानी,” म्हणाल्या आणि पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

मग मामांना चेव आला. मालवणला लोक स्कूबा डायव्हिंग करतात. होडीतून किल्ल्याजवळ नेतात, अंगात रबरी पोशाख, पाठीवर टाकी (तिला सगळे ऑक्सिजनची म्हणतात, आत साधी हवाच असते) आणि दातांत नळी. नळीसाठी मामांना तोंड रिकामं करावं लागलं. खर्रा नव्हता, तरी त्यांनी सवयीनं आधी थुंकून घेतलं. डायव्हिंगवाल्या पोऱ्यानं खुणा शिकवल्या : बोट आणि अंगठ्याचं गोल म्हणजे ठीक, अंगठा वर म्हणजे मला वर घ्या. मामांनी मान डोलावली आणि पाण्यात गेल्यावर विसरले.

पोरगा खाली त्यांना खुणेनं विचारी, बरं आहे ना? मामा जोमात अंगठा वर करीत. पोरगा त्यांना वर आणी. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा डोकं बाहेर येताच मामांनी नळी फेकली. “मी बरा आहो म्हनून सांगून राह्यलो, अन् हा मले वरच काढून राह्यला!” चौथ्या खेपेला पोऱ्यानं त्यांचे अंगठे मुठीत धरून ठेवले आणि मामांना मासे दिसले. निळे, पट्ट्यापट्ट्यांचे. खायचे कोणते ते मात्र कोणी सांगितलं नाही, ही तक्रार राहिली.

मामा खरे हरले ते सिंधुदुर्गावर. 1664ला महाराजांनी पायाभरणी केलेला किल्ला, 48 एकरांचं बेट. “अट्ठेचाळीस एकर,” मामांनी मनातल्या मनात धान लावून पाहिलं. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आल्या. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोडं. मामांनी ओंजळीनं पाणी घेतलं, जिभेवर फिरवलं, पुन्हा घेतलं. चप्पल त्यांनी केव्हा काढून ठेवली होती, कळलं नाही. “पान्यातला मानूस होता जी,” एवढंच ते मामींना म्हणाले. पाण्याच्या बाबतीत मामांनी दुसऱ्या कोणाला मानल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

वरठीला उतरलो तेव्हा काळोख पडला होता. मामी म्हणाल्या, आज भंडाऱ्यालाच राहू. मामा ऐकेनात. गाव गाठलं, पिशव्या ओसरीवर टाकल्या आणि मालवणी खाज्याचा पुडा हातात तसाच धरून बॅटरी घेऊन पाळीवर गेले. मी मागोमाग. निघताना त्यांनी पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोकून ठेवली होती. पाणी खुंटीच्या चांगलं वीतभर खाली होतं. खाली तुडमापाशी चिखलात ताजी पावलं.

मामांनी बॅटरी त्या पावलांवरून हळूहळू फिरवली, खाज्याचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाले, “आता सांग बाबू तुझा चंद्र.”