येण्याचे कारण : पुतळे

कोडोलीच्या माणसाने कोल्हापुरात लॉजवर उतरावे, असे कारण परमेश्वराने सहसा निर्माण केलेले नाही. एसटीने तासाभराची वाट. कोर्टाची तारीख असो, दवाखाना असो की अंबाबाईचं दर्शन, कोडोलीकर रात्री घरच्या भाकरीला हजर. त्यामुळे तिथल्या एका मामांनी पुण्याच्या भाच्याबरोबर स्टँडजवळच्या स्वस्तातल्या लॉजवर आधारकार्ड पुढे केलं, तेव्हा मॅनेजरने आधी पत्ता वाचला, मग मामांना.

"कोडोली? मग घरला का जाईनासा?"

लॉजच्या रजिस्टरात 'येण्याचे कारण' असा रकाना असतो. त्यात लग्न, देवदर्शन किंवा 'खासगी काम' लिहून मोकळं व्हायची रीत आहे. भाच्याने प्रामाणिकपणे लिहिलं : 'पुतळे पाहणे'. मॅनेजरचा चेहरा एकदम उजळला. पाव्हणे कुठल्या तरी मंडळाचे दिसतात! "ब्राँझचा करताय का फायबरचा?" त्याने आपुलकीने विचारलं. लोकल माणसाला खोली न देण्याचा नियम या आपुलकीत विरघळला आणि भाच्याच्या नावावर संध्याकाळी पाच वाजता किल्ली मिळाली. खोलीत एक ट्यूब, सहा बटणं. त्यांतल्या पाचांचा कशाशीही संबंध नव्हता.

मुक्कामाचा हट्ट भाच्याचा. कोल्हापुरातले पुतळे दिवसा दिसत नाहीत, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. दिवसा पुतळा हा पत्ता असतो. 'ताराराणीपाशी उतर', 'बिंदू चौकात थांब' एवढं सांगितलं की काम झालं. मान वर करायची गरजच नाही. केलीच, तर मागचा रिक्षावाला ती खाली करायला लावतो.

म्हणून पहाटेच कावळा नाका. ताराराणीचा हा अश्वारूढ पुतळा शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांचा. घोडा मागच्या पायांवर उसळलेला, वर राणी, आणि सगळा तोल सांभाळलेला. मामा बराच वेळ बघत राहिले. "हितं वडाप धरण्यात जल्म गेला," ते म्हणाले, "घोड्याचं फुडचं पाय वर हाईत हे आज कळालं."

बिंदू चौकात डॉ. आंबेडकर आणि महात्मा फुले शेजारी शेजारी आहेत. माधवराव बागलांच्या पुढाकाराने 9 डिसेंबर 1950 रोजी हे अर्धपुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते, पुढे सहा वर्षं. माणूस जायची वाट बघून मग वर्गणी काढणाऱ्या आपल्या देशात ही घाई फार मोलाची.

शिवाजी चौकाची गोष्ट मात्र सिनेमाच्या तोडीची. तिथे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन दगडात उभे होते. 1942 मध्ये भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे यांनी तो पुतळा विद्रूप केला, पुढे क्रांतिकारकांनी तो फोडलाच. 1945 मध्ये त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा आला. तो घडवला बाबूराव पेंटरांनी. म्हणजे सिनेमाचा कॅमेरा घरचा बनवून 1920 मध्ये 'सैरंध्री' काढणारे तेच बाबूराव. खरी कॉर्नरला त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून कॅमेरा स्तंभ आहे. घोडा नाही, तलवार नाही, नुसता कॅमेरा. मामांनी सवयीने त्यालाही नमस्कार केला.

लॉजवर परतेपर्यंत साडेआठ झाले. गरम पाणी सहा ते आठ. भाचा गार पाण्याने उरकून बॅग भरू लागला. त्याला नऊची एसटी दिसत होती. मामांनी दारामागची पाटी पुन्हा वाचली : 'चेक-आऊट 24 तास'.

"पाचपातूर पैसं भरल्यात," म्हणत त्यांनी पंखा पाचवर टाकला, गादीवर आडवे झाले आणि भाच्याला दार ओढून घ्यायला सांगितलं.