हो, टँकर येतो

गेल्या दिवाळीत मी भांडवलशाहीचे वाभाडे काढले. मानधन पाचशे रुपये, अंकाची एक प्रत मोफत.

निमित्त पाण्याचं होतं. सिंहगड रस्त्याकडच्या आमच्या सोसायटीच्या माहितीपत्रकात कारंजं होतं आणि कारंज्यापाशी हसणारं एक गोरं कुटुंब होतं. प्रत्यक्षात टँकर आहे. दिवसातून चारदा येतो आणि मागे येताना देशभक्तिपर गाणं वाजवतो. म्हणून मी एका काल्पनिक प्रकल्पाची जाहिरात लिहिली. ‘ला टँकरा’, पुण्यातली पहिली टँकर-फेसिंग घरं! दोन बेडरूम, हॉल, किचन आणि चौदा बादल्या. हो, टँकर येतो. पण वेळेवर येतो! लिहिताना मी एकटाच इतका हसलो, की ‘बीपीची गोळी घेतलीत ना?’ म्हणून बायको आतून विचारून गेली.

‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक १९०९ सालचा. तिथून सुरू झालेली ही परंपरा आज जाहिरातींवरच उभी आहे; अनुक्रमणिका गाठेपर्यंत दोन बँका, एक पैठणी आणि उटणं ओलांडावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या लेखासमोरच्या पानावर साक्षात बिल्डर होता. चार रंगांत. कारंज्यासकट.

आठवड्याभरात त्याच्याच ऑफिसातून फोन आला. ‘सर, तुमच्या लेखासंदर्भात जरा भेटायचं होतं.’ मला कोण आनंद! विनोदी लेखकाला नोटीस येणं म्हणजे पुरस्कारच, शिवाय समारंभाचं रिक्षाभाडं वाचतं. कोठडीतही चालेल असा जाड झब्बा इस्त्री करून घेतला आणि आरशासमोर बाणेदार भाषणाची तालीम केली.

भाषणात मॅगीबाईंचा दाखला होता. (नूडल्सशी संबंध नाही.) एलिझाबेथ मॅगी ही अमेरिकन बाई. जमीनमालक नुसते बसून भाडी कशी खातात आणि बाकीचे कसे भिकेला लागतात, हे लोकांना दिसावं म्हणून तिनं एक खेळ तयार केला आणि १९०४ साली त्याचं पेटंट मिळवलं. नियम दोन प्रकारचे होते. एकात सगळ्यांचं भलं, दुसऱ्यात एकानं बाकीच्यांना धुऊन काढायचं. लोकांना दुसरा प्रकार आवडला, हे सांगायला नकोच. त्यातून मोनोपॉली निघाला. १९३५ साली खेळण्यांच्या कंपनीनं बाईंचं पेटंट पाचशे डॉलरला घेतलं, पुढे रॉयल्टी शून्य. लक्षाधीश झाला तो चार्ल्स डॅरो, ज्यानं हा खेळ आपलाच म्हणून विकला होता. आपला ‘व्यापार’ त्याचाच वंशज. भाडेखाऊंविरुद्धची ही शिकवणी मीही लहानपणी सुट्टीभर घेतली आणि मलबार हिल मिळावी म्हणून सख्ख्या बहिणीला दिवाळखोर केलं.

ऑफिसात एसी इतका होता, की झब्बा जाड असल्याचं बरं वाटलं. मार्केटिंगचा मुलगा पंचविशीतला, उठून वाकून नमस्कार करणारा. ‘सर, मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचला आम्ही! साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.’

‘टँकरनं आलं असेल,’ मी म्हणालो. तो खदखदून हसला आणि त्यानं हे वाक्यसुद्धा लिहून घेतलं.

मग त्यानं मला बँक्सी समजावला. २०१८ साली लंडनच्या लिलावात या चित्रकाराचं चित्र दहा लाख पौंडांवर विकलं गेलं आणि हातोडा पडताच चौकटीत लपवलेल्या यंत्रानं ते अर्धं फाडलं. बाजाराच्या थोबाडीतच! तीन वर्षांनी तेच फाटकं चित्र अठरापट किमतीला गेलं. ‘म्हणजे सर, तुम्ही आम्हाला जेवढं फाडाल तेवढं चांगलं. ते टँकरचं वाक्य आम्हाला द्या.’

आता भाषणाची वेळ होती. मी घसा खाकरला. तेवढ्यात त्यानं सुकामेव्याचा डबा पुढे सरकवला आणि त्यावर पाच हजारांचा चेक ठेवला. पाच कप्पे होते, मधल्यात अंजीर. माझ्या तोंडून शब्द निघाले ते असे : ‘जीएसटी वेगळा ना?’ मी जीएसटीत नोंदलेलोही नाही.

महिन्याभरानं पुलाखाली अडकलो असताना वर होर्डिंग दिसलं : ‘हो, टँकर येतो. पण वेळेवर येतो!’ शेजारचा स्कूटरवाला हसून मागच्या बाईला म्हणाला, ‘निदान खरं तरी बोलतोय.’ त्याच प्रामाणिकपणावर भाळून माझ्या मेहुण्यानं तिथे फ्लॅट बुक केला. त्याला मी अजून काही बोललेलो नाही.

यंदा संपादकांचा फोन आला. ‘लेख हवाच. फक्त पाण्याचा विषय नको. मलपृष्ठ त्यांनी घेतलंय. त्यापेक्षा नवरा-बायकोवर काहीतरी खुसखुशीत बघा ना.’

मी लगेच बसलो. बायकोनं मागून डोकावून पाहिलं.

‘माझ्यावर? किती देणारेत?’

‘पाचशे.’

‘टँकरवर लिहिलंत तेव्हा अंजीर तरी आले होते,’ ती म्हणाली आणि बादल्या घेऊन खाली गेली.