याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रत्येक शिबिरात एक भाषापंडित असतोच. नवापूर तालुक्यातल्या पाड्यावर तो उतरतो तोच वही काढून. समोरून कोंबडी गेली, की तिच्याकडे बोट दाखवत विचारतो, "याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" (कोंबडी स्त्रीलिंगी असते, हे तो मराठीतही विसरलेला असतो.) मग विळा, टोपली, मोहाचं झाड. वनराई बंधाऱ्याला हातोहात चाललेल्या गोण्यांची रांग त्याच्यापाशी येऊन तुंबते, कारण याला गोणीचं नाव लिहून घ्यायचं असतं. लोकांत राहावं, त्यांच्यासाठी राबावं, भाषा आपोआप अंगात मुरते, यावर त्याची श्रद्धा असते.

श्रद्धा खोटी नाही, जागा चुकली आहे. इटलीत शिकायला गेलेला विद्यार्थी वृद्धाश्रमात वाढायला उभा राहिला, तर तिथल्या आजीबाईंना इटालियनखेरीज काही येत नाही, म्हणून त्याला ती यावीच लागते. शिकवते ती ही अडचण. नवापुरात अडचणच होऊ देत नाहीत. इथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. माणूस घरात मावची बोलतो, बाजारात गुजराती, कचेरीत मराठी आणि परक्याशी हिंदी. पाहुण्याची पंचाईत नको म्हणून तो पाहुण्याचीच भाषा धरतो. पंडित मराठीत विचारतो, आजी मराठीत सांगते, "कोंबडी." तो वहीत लिहितो, "मराठीशी विलक्षण साम्य."

कुणी म्हणेल, सात दिवसांत आणखी काय होणार? शिबिर सात दिवसांचंच असतं, हे खरं. भाषा मुरायला वर्षं लागतात, हेही खरं: ख्रिस्ती धर्मप्रसारक फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि त्यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं 1616 मध्ये. पण नुसत्या मुक्कामाने भाषा आली असती, तर बदलीवर येऊन तीन-तीन वर्षं काढणारे साहेब मावचीत भांडताना दिसले असते. स्टीफन्सना लोकांपर्यंत पोचायचं होतं आणि लोक आपली भाषा सोडून त्यांच्याकडे येणार नव्हते. साहेबाकडे मात्र लोकच येतात, तेही साहेबाच्या भाषेत, अर्ज घेऊन.

म्हणूनच, नाइलाजाने, पंडिताच्या बाजूने एक गोष्ट मांडावी लागते. तो विचारतो तरी! जनगणनेच्या तक्त्यात मावची 'भिली' या मोठ्या मथळ्याखाली जाते, त्याच्या वहीत तिला निदान स्वतंत्र पान मिळतं. भाषेत पुरतं बुडवून शिकवण्याचा प्रयोग नवापुरात खरोखर चालतो, पण तो पहिलीतल्या पोरावर. घरी फक्त मावची ऐकलेलं सहा वर्षांचं पोर एका सकाळी मराठी पुस्तकासमोर बसतं. त्याला वही मिळते, पण प्रमाणपत्र नाही, कौतुक नाही आणि आठव्या दिवशी परतीची गाडीही नाही. फळ्यावरच्या कोंबडीकडे बोट दाखवून 'याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?' असं त्याला क्वचितच कुणी विचारतं. विचारलंच, तर आपला पंडित विचारतो. त्याच्या वहीतले जे थोडे शब्द बरोबर निघतात, ते बहुतेक अशाच पोरांनी सांगितलेले असतात. त्यांना अजून मराठी आलेली नसते.