सहावं अंडं

वर्षाला २१,००० रुपये, आणि तेही एकट्याचे नव्हेत, अख्ख्या कुटुंबाचे. ‘निराधार’ किंवा ‘श्रावणबाळ’ या सरकारी योजनांत बसायचं तर उत्पन्न याच्या आत हवं, हे वाचकांना ठाऊक आहेच. प्रत्येकाच्या भावकीत कुणी ना कुणी ‘एकवीस हजाराच्या आतला’ दाखला काढायला हेलपाटे घातलेले असतात. मी फक्त भागाकार केला. ३६५ नं भागलं की रोजचे ५७ रुपये ५३ पैसे येतात. हा आकडा जो डोक्यात बसलाय तो काही केल्या उतरत नाही.

तर आमच्या नाणे मावळातल्या वडिवळ्याची एक म्हातारी डोळ्यांसमोर आणा. आणा म्हणजे कल्पनेनंच, प्रत्यक्ष आणायला कचेरी आहेच. नवरा गेला, गुडघे गेले, एक डोळा जायच्या वाटेवर. एका अंगाला धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला कुणा शहरवाल्याच्या फार्महाऊसचं गेट, मधे हिचं घर आणि परसात कोंबड्या. गावरान अंड्याला शनिवार-रविवारचे पाहुणे वाटेल तो भाव देतात, पण आपण सरळ दहा रुपये धरू. पाच अंडी विकली, पन्नास रुपये झाले, म्हातारी निराधार. सहावं अंडं विकलं, साठ झाले. वर्षाचे २१,९००. म्हातारी सक्षम! शासनाच्या लेखी या राज्यातलं दैन्य आणि सुबत्ता यांच्यामधे एक अंडं आहे.

कोंबड्या पाळलेला वाचक इथं मला थांबवील. गावरान कोंबडी बारमाही अंडी देते होय? पंधरा-वीस झाली की खुडूक बसते, मग महिना गेलाच म्हणून समजा. मान्य. पण अर्जात खुडूक बसण्याला रकाना कुठाय? रकाना नाही म्हणजे स्वतंत्र पुरावा जोडावा लागणार: ‘सदर कोंबडी अमुक तारखेपासून खुडूक असून सध्या तिच्यापासून कोणतेही उत्पन्न नाही’ असा जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, तीन प्रतींत, कोंबडीच्या अलीकडच्या फोटोसह. फोटोत दोन्ही डोळे दिसायला हवेत, आणि कोंबडीचे दोन्ही डोळे समोरून धड दिसत नाहीत, म्हणजे पहिली त्रुटी इथंच निघाली. मुंगसानं एखादी नेली तर पंचनामा, दोन पंचांच्या सह्या, आणि मुंगूस स्थानिक रहिवासी असल्याची खात्री. उरलेल्या कोंबड्यांचा दरवर्षी हयातीचा दाखला. त्यासाठी त्यांना समक्ष हजर करायचं. पिशवीतून आणलेली कोंबडी समक्ष धरायची की नाही, हे ज्या त्या टेबलावर अवलंबून. आणि कोंबड्याचं काय? तो अंडं देत नाही, पण कुटुंबातला सज्ञान, धडधाकट पुरुष आहे. त्याला कमावता सदस्य धरायचं का, याबद्दल वरून मार्गदर्शन मागवलं जाईल, आणि ते येईपर्यंत म्हातारीचं प्रकरण त्रुटीत राहील. पासष्टी ओलांडलेल्या, माळकरी बाईचं तालुक्याच्या गावी ‘प्रकरण’ चालू आहे असं चारचौघांत बोललं जातं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

बरं, कोंबड्या विकून टाकल्या. गुडघे गेले तरी हात चालतात तोवर रोजगार हमीवर जाऊ दे तिला. कामाची कायदेशीर हमी देण्यात हे राज्य देशाच्या पुढं होतं. आपला कायदा १९७७ चा, दिल्लीला तो सुचायला २००५ उजाडलं. २०२५-२६ साली महाराष्ट्रात या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. करा गुणाकार. ६७ दिवसांचे २०,९०४. ६८ व्या दिवशी २१,२१६. दिल्लीच्या त्या कायद्यात हमी शंभर दिवसांची होती. म्हणजे एका खिडकीवर शंभर दिवसांचं वचन मिळायचं आणि त्यातले अडुसष्ट दिवस घेतले, की शेजारच्या खिडकीवर नाव उडायचं. भातलावणीच्या दिवसांत नाणे मावळात बाईमाणसाला रोज किती मिळतो, तो आकडा मी मुद्दाम छापत नाही. उगाच कुणाचे पैसे बंद व्हायचे.

आता जरा बहिणीकडे वळू. सरकारच्या ‘लाडक्या बहिणी’लाही महिना १,५००, निराधार विधवेलाही १,५००. पण बहिणीच्या कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. बहीण लाडकी असते वयाच्या पासष्टीपर्यंत, आणि ‘श्रावणबाळ’ सुरू होतं पासष्टीलाच. याचा अर्थ, पासष्टी भरली की त्याच बाईला, त्याच दीड हजारासाठी, आपलं उत्पन्न २,२९,००० रुपयांनी कमी करून दाखवावं लागतं. वाढदिवसाची भेट म्हणून हे जरा अवजडच झालं. त्याहून वरच्या पायरीवर बसलेत आरक्षणातले ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’. त्यांची मर्यादा आठ लाख. रोजचे २,१९१ रुपये मिळवणारा माणूस दुर्बल असतो आणि ५८ रुपये मिळवणारी म्हातारी सधन. एका दुर्बलात अडतीस निराधार मावतात, वर काही सुटे उरतात ते वेगळे. ते अठराव्या-विसाव्या मजल्यावरचे दुर्बल आमच्याकडे शनिवारी धरणाकाठी येतात, तेव्हा अंड्याचा भाव करतात.

निराधारची रक्कम २०१९ मध्ये ६०० ची १,००० झाली, २०२३ मध्ये १,५०० झाली. एकवीस हजार मात्र जागचे हलले नाहीत. दीड हजार गुणिले बारा म्हणजे अठरा हजार होतात. ते या एकवीस हजारांत धरायचे का, असं खिडकीवर कृपा करून विचारू नका. एकदा विचारलंत की कुणीतरी धरायला लागेल. मर्यादा बदलायला कुणाला सवड मिळत नाही असं नाही, सवड आहे. २०२४ मध्ये तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला आणि ग्रामसेवकाचा ‘ग्रामपंचायत अधिकारी’. पाट्या रंगल्या, शिक्के नवे आले. म्हातारी अजून त्याला तलाठी भाऊसाहेबच म्हणते आणि तोही ओ देतो.

सत्तावन्न रुपयांत कुटुंब जगत नाही, हे मर्यादा ठरवणाऱ्याला ठाऊक आहे. अर्ज भरणाऱ्या पोराला ठाऊक आहे, चौकशीचा अहवाल देणाऱ्याला ठाऊक आहे, सही करणाऱ्या साहेबाला ठाऊक आहे. सत्तावन्न रुपयांत जगणारा कुणी असलाच, तर तो अर्ज घेऊन तालुक्याला पोचायच्या आधी मरेल. जीपचं भाडं आणि झेरॉक्स यातच त्याचा दिवस संपला. तरीही सगळे मिळून एका बाईकडून लिहून घेतात की माझं उत्पन्न इतकंच आहे, आणि खोटं निघालं तर मी शिक्षेला पात्र आहे. खाली अंगठा. जन्मात कुणाचा रुपया बुडवला नाही तिनं, उसनी साखर मापानं परत केली, आणि उतारवयात तिला सरकारदरबारी खोटं बोलायला लावलं ते सरकारनंच. आता ती कायमची कुणाच्या तरी मुठीत. ‘मी करून देतो तुमचं’ म्हणणारा जो गावोगाव फिरत असतो ना, त्याची सगळी दुकानदारी या खोट्या आकड्यावर उभी आहे. मत कुणाला, मिरवणुकीत कोण, सभेच्या गाडीत कोण बसणार, हे त्याला सांगावंही लागत नाही. ‘पडताळणी लागलीय हं’ एवढं दारावरून म्हणत गेलं की पुरे. मर्यादा वाढवली तर हा माणूस खाईल काय? कदाचित त्यालाच निराधारमध्ये बसवावं लागेल, आणि त्याचं उत्पन्न एकवीस हजाराच्या आत दाखवायला मात्र खरोखरच कसब लागेल.

सेतू केंद्रात हे काम दोन मिनिटांत होतं. पोरगं स्क्रीनवरून नजर न काढता विचारतं, “आजी, उत्पन्न किती टाकू?”

“तुझ्या मनानं टाक बाबा.”

अठरा हजार पडतात. अठरा हजार सगळ्यांनाच पडतात. मागं नातू उभा, त्याला शिष्यवृत्तीसाठी दाखला हवाय. एकच घर, एकच चूल, पण रेशनकार्ड विभक्त.

“याचं किती टाकू?”

“याचं जरा बरं टाक,” म्हातारी म्हणते. “लग्नाचाय.”