जुना डिजिकॅम जिंकवण्याची शास्त्रोक्त पद्धत

जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची थोरवी सिद्ध करू पाहणाऱ्या साधकाने सर्वप्रथम घरातले लोखंडी कपाट उघडावे. लग्नाचा अल्बम, विम्याच्या पावत्या आणि कुणाचाच नसलेला एक चष्मा यांच्या मागे तो चंदेरी ऐवज सापडतो. बॅटरी फुगली असल्यास नवी मागवावी. चार्जर सापडल्यास नारळ फोडावा. मग वादाला बसण्यापूर्वी आपले संख्याबळ जाणून घ्यावे. कॅमेरा बनवणाऱ्या जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली कारखान्यांतून १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाहेर पडले, आणि २०२३ साली ८० लाखसुद्धा नाहीत. आपण अल्पसंख्य आहोत, तेव्हा आवाज मोठा ठेवणे ओघाने आलेच.

कसोटीचे स्थळ म्हणून बुलडाणा जिल्ह्यातले लोणारचे उल्काविवर आणि त्यातले सरोवर निवडावे. तिथे तेजस्वी आकाश, काळा बसाल्ट, गर्द झाडी आणि खारे पाणी एकाच चौकटीत येते आणि कुठल्याही कॅमेऱ्याचे पितळ उघडे पडते. फक्त सोबतच्या मंडळींना फोन खिशातच ठेवायला सांगावे, कारण पहिल्याच मिनिटाला हार होण्याचा संभव आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठावर उभे राहिले की ते डावीकडून उजवीकडे पसरलेले दिसते, आणि जुन्या डिजिकॅमचे भिंग त्यातला जेमतेम एक तुकडा पकडते. फोनवाला ०.५ च्या रुंद भिंगावर बोट ठेवतो आणि सरोवर जवळजवळ अख्खे गिळतो. आकाशाचेही तेच. डिजिकॅमला झाडी नीट दाखवायची तर आकाश पांढरेफटक होते. आकाश सांभाळावे तर झाडी कोळशासारखी. फोन एका दाबण्यात अनेक चित्रे टिपून त्यांची गोधडी शिवतो, शिवण मात्र दिसू देत नाही. या शिवणीचा मुद्दा जपून ठेवावा, पुढे तोच कामाला येणार आहे.

लोणारच्याच दैत्यसूदन मंदिराच्या आतल्या काळोखात तर डिजिकॅम नेऊच नये. छतावरचे कोरीवकाम त्याला दिसते ते ज्वारीच्या पिठात बुडवल्यासारखे. इथे आपल्याच बाजूचा एखादा म्हणेल, ‘‘जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा असायचा.’’ हा युक्तिवाद १५ वर्षांपूर्वी खरा होता. साध्या डिजिकॅमचा सेन्सर सुमारे ६ बाय ४.५ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. आजच्या बऱ्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या दुपटीहून मोठा असू शकतो. मग आपलाच दुसरा साथीदार पुढे सरसावतो, ‘‘पण जुन्या सीसीडी सेन्सरचे रंग!’’ हे वाक्य डोळे मिटून म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः जुना सीसीडी काय नि फोनमधला सीमॉस सेन्सर काय, दोघांना समजतो तो फक्त उजेड किती पडला एवढाच हिशोब. रंग ठरतो सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांनी आणि कंपनीच्या अभियंत्याने आत भरलेल्या सूत्रांनी. आपण ज्याला सीसीडीचा आत्मा म्हणतो तो बहुधा त्या अभियंत्याची आवडनिवड असतो.

डिजिकॅमच्या पदरी निखळ गुण दोनच. एक, त्याचा झूम खरा असतो. भिंगे पुढेमागे सरकतात. जिल्ह्यातल्याच ज्ञानगंगा अभयारण्यात लांबवर उभे सांबर असले की साधा फोन चित्र कापून मोठे करतो आणि सांबराचे तैलचित्र हाती देतो. महागड्या फोनांत आता वेगळे टेलिफोटो भिंग येते, हे कबूल. स्वस्त फोनांत सहसा येत नाही. दुसरा गुण फ्लॅशचा. डिजिकॅमचा झेनॉन फ्लॅश क्षणाच्या बारीक अंशात लखलखतो आणि पावली खेळणाऱ्या वारकऱ्याला हवेतच थांबवतो. अर्थात वारकरी हवेत असताना बटण दाबले तरी कॅमेरा आधी फोकस शोधतो, विचार करतो, आणि तोवर पाय जमिनीवर आलेले असतात. यावर उपाय म्हणजे उडी घेण्याआधीच बटण दाबणे; पण त्यासाठी अंगी थोडे भविष्यज्ञान हवे.

एवढे हरल्यावर साधकाने मूळ प्रश्नच बदलावा, कारण आपली खरी बाजू तिथे सुरू होते. कुणाचे चित्र सुंदर, हे विचारू नये. कुणाची चूक ओळखू येते, हे विचारावे. डिजिकॅम चुकतो तेव्हा चूक उघड्यावर असते: दाणे, पांढरे आकाश, लाल डोळे. पाहणारा ती वजा करून उरलेले खरे मानतो. फोनने केलेली दुरुस्ती चित्रात मिसळून जाते, ती वजा करायची कशी? २०२३ साली एकाने संगणकाच्या पडद्यावर मुद्दाम धूसर केलेला चंद्र ठेवून एका नामांकित कंपनीच्या फोनने टिपला. फोनच्या चित्रात पडद्यावर नसलेले बारकावे उमटले. चंद्रावरची विवरे जो पदरचे घालून दाखवतो, त्याच्या लोणारवर किती विसंबायचे, असा सवाल इथे खणखणीत आवाजात टाकावा.

जाणता विरोधक म्हणेल की डिजिकॅमही कच्चा उजेड देत नाही. रंग, कडा, तोल तोही आतल्या आत ठरवून मोकळा होतो. हे खरेच आहे. फरक प्रमाणाचा आहे, आणि प्रमाणाचा फरक क्षुल्लक नसतो: भाजीत मीठ आपणही घालतो, शेजारच्या हॉटेलातही घालतात.

पण साक्षीदार म्हणून कॅमेऱ्याची खरी परीक्षा लोणारनेच घेऊन ठेवली आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि फोटो गावोगाव फिरले. फोनच्या जमान्यात गुलाबी पाणी पाहून ‘फिल्टर असेल’ असे वाटणे स्वाभाविकच. उपग्रहचित्रांत २५ मे रोजी हिरवट दिसणारे पाणी १० जूनला गुलाबी दिसले. कारण मात्र कुठल्याच चित्रातून कळले नाही. वनविभागाने पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य सापडले. त्या आठवड्यात कुणी कपाटातला डिजिकॅम घेऊन काठावर गेला असता, तर फोटो कदाचित अस्सल आला असता; मात्र बॅटरी संपून घड्याळ मूळपदावर गेलेले असल्याने कोपऱ्यात नारिंगी अक्षरांत १ जानेवारी २००५ छापून आले असते, आणि १५ वर्षांपूर्वीचे गुलाबी लोणार पाहून शास्त्रज्ञांची झोप उडाली असती. तेव्हा लोणारला निघण्याआधी एवढे करा: मेनू उघडा आणि तारीख लावून घ्या.