माचू पिच्चूला एकादशी

पेरू म्हटल्यावर जो पहिला विनोद सुचतो, तो आमच्या घरात प्रत्येकाने एकेकदा करून झाला आहे. तेव्हा तो इथे करत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत कुठे जायचं, या प्रश्नाला आमच्याकडे वर्षानुवर्षं दापोली हे एकच उत्तर होतं. यंदा कन्येने 'माचू पिच्चू' असं उत्तर दिलं. आई म्हणाली, "शिंक आली का गं?"

कन्या अभ्यास करून आली होती. "१९११ साली हायरम बिंगहॅमने ते शोधून काढलं, आजोबा."

"त्याआधी तिथे कुणीच नव्हतं?" नानांनी विचारलं.

"होते ना. शेतकरी राहत होते. त्यांच्यातल्याच एका मुलाने त्याला फिरवून दाखवलं."

"मग याने शोधलं काय?"

यावर कन्येकडे उत्तर नव्हतं, पण नानांचा विरोध मावळला. ज्या गोष्टीत साहेबाची चूक काढता येते, ती त्यांना मनापासून आवडते.

पुढचा पेच हवामानाचा. आपल्याकडे अंगाची लाही होते तेव्हा तिकडे हिवाळा तोंडावर असतो; अँडीजमधला पाऊस एप्रिलपर्यंत ओसरतो आणि मे महिन्यापासून कोरडे दिवस लागतात. म्हणजे हंगाम उत्तम. फक्त भर वैशाखात माळ्यावरून स्वेटर काढताना शेजाऱ्यांना काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता. नानांनी माकडटोपी उन्हात टाकून तो सोडवला. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला आमचा बेत कळला.

मग उंचीचा विषय निघाला. लिमा समुद्रकाठी, तिथून विमानाने कुस्को गाठायचं, आणि ते सुमारे ३,४०० मीटरवर. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कुस्कोची बाजारपेठच दोन कळसूबाईंच्या डोक्यावर. माचू पिच्चू मात्र २,४३० मीटरवर. नानांनी चष्मा पुसून आकडे पुन्हा वाचले. "म्हणजे गड बघायला खाली उतरायचं?" आयुष्यभर सिंहगड चढलेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटलं.

विरळ हवेवर तिथले लोक कोकाच्या पानांचा चहा पितात. तिथे तो राजरोस मिळतो. आपल्याकडे ती पानं अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. हे आईला तीनतीनदा सांगावं लागलं, कारण कुठेही गेलं की तिथला चहा पावशेर आणून नातेवाइकांना वाटायची तिची पद्धत आहे.

कागदपत्रांचं खातं बायकोकडे. पेरूहून भारतात परतताना पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस निघण्याआधी किमान दहा दिवस टोचून घ्यायची. साठीपुढच्यांना ती देण्याआधी डॉक्टर विचार करतात, हे कळल्यावर आपल्याबद्दल कुणीतरी विचार करतंय, याचाच नानांना आनंद झाला. माचू पिच्चूच्या तिकिटावर नाव, पासपोर्ट क्रमांक, आत शिरायची वेळ आणि चालायचा मार्गसुद्धा छापलेला असतो. "लग्नपत्रिकेत इतकं नसतं," आई म्हणाली.

इतक्यात कन्येने बारीक आवाजात वाचलं, "स्वच्छतागृह फक्त प्रवेशद्वाराबाहेर आहे. आत नाही."

घरात शांतता पसरली. सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना पंख्याकडे पाहत होते.

त्यातून सावरतोय तोच जेवणाचा प्रश्न आला. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या अखेरच्या भोजनाचं अठराव्या शतकातलं एक चित्र आहे. त्यात मधल्या ताटात चक्क भाजलेला गिनी पिग आहे. तो तिथला सणासुदीचा पदार्थ. कन्येने ते चित्र मोबाइलवर मोठं करून दाखवलं. आई म्हणाली, "देवाच्या पानात उंदीर?" आणि सहल रद्द झाली.

ती वाचवली बायकोने. "आई, तुम्ही तिथे उपासाचं खा." मग तिने हिशोब मांडला. बटाटा मूळचा तिथल्याच डोंगरांतला. लिमात बटाट्याचं आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि तिथे त्याच्या हजारो जाती जपल्या आहेत. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. साबुदाणा ज्या कंदाचा करतात, तोही तिथलाच. रताळं आणि हिरवी मिरची अमेरिका खंडातली. राजगिऱ्याचा भाऊबंद अँडीजच्या शेतात आजही डुलतोय.

आई बराच वेळ गप्प होती. "म्हणजे विठोबाचा उपास आपण इतकी वर्षं यांच्या जिवावर करतोय?" मग तिने निकाल दिला, "तिथे मी रोज एकादशी धरीन."

"आणि दुप्पट खाशील," नाना म्हणाले.

तिकिटं काढली आहेत. तुम्हीही निघणार असाल तर क्रम लक्षात ठेवा. आधी डॉक्टर, मग माचू पिच्चूच्या प्रवेशाची वेळ, मग रेल्वे, कारण पायथ्याच्या गावापर्यंत मोटाररस्ता नाही. विमान सगळ्यांत शेवटी. आणि गडाच्या दारात पोहोचलात की फोटो नंतर काढा, आधी घरातल्या ज्येष्ठांना जाऊन यायला सांगा.